जेवणानंतरची बैठक

"नमस्कार, हलगरकर साहेब," गुरुपादप्पा सर म्हणाले आणि त्यांनी दोन्ही हात जोडले. गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत अंबरीश तेव्हा भाजीवालीपुढं वाकून मेथीच्या जुडीतली पिवळी पानं बघत होता. त्यानं आधी मागं वळून पाहिलं, आपल्यामागं आणखी कुणी हलगरकर साहेब उभा आहे की काय म्हणून. मागं एक म्हैस उभी होती आणि म्हशीमागं हॉर्न बडवणारा ऑटो. तो परत वळेपर्यंत सर पुढं निघून गेले होते. त्यांची पांढरी टोपी आणि डावीकडं किंचित झुकलेली चाल गर्दीत दिसत होती, आणि अंबरीशच्या हातात मेथी तशीच. "घेऊन राहिले का ठेवून राहिले, सर?" भाजीवालीनं विचारलं. एम.एस्सी.ला असल्यापासून हा माणूस त्याला अंब्या म्हणत आला होता. डॉक्टरेट मिळाली तेव्हा अंब्या, सरांच्याच खुर्चीवर विभागप्रमुख म्हणून बसला तेव्हा अंब्या, लेकीच्या लग्नात व्याह्यांच्या देखत "अंब्या, उन्हात कशाला हिंडतोस रे, बस की जरा". मालविकाला, त्याच्या बायकोला, ते मुळीच आवडायचं नाही. खरं तर त्यालाही कधीकधी आवडायचं नाही. आणि आता एकदम साहेब.

कारण कळायला घरी पोचायचीसुद्धा गरज पडली नाही. मेथी न घेताच तो स्कूटरपाशी आला, मोबाइल उघडला, तर विद्या परिषदेच्या मागच्या बैठकीचं कार्यवृत्त ग्रुपवर येऊन पडलेलं. विद्यापीठात काय शिकवायचं, कुठला विभाग ठेवायचा, कुठला मोडायचा, हे ठरवणारी ही सभा. ती नांदेडला भरते, आणि अंबरीश तिचा सदस्य. अगदी शेवटच्या पानावर, 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय' या मथळ्याखाली लिहिलं होतं की लातूर येथील भूजलशास्त्र विभाग पर्यावरणशास्त्र विभागात विलीन करण्यात यावा, व तेथील तासिका तत्त्वावरील पद व्यपगत (रद्द) समजण्यात यावे. ठराव सर्वानुमते संमत. सूचक, डॉ. अंबरीश हलगरकर. अनुमोदक, प्राचार्य हणमंतराव भादेकर. त्यानं ते पुन्हा वाचलं. ज्या विभागात तो शिकला, ज्याचा तो प्रमुख होता, तो मोडून टाका असं त्यानंच सुचवलं होतं. आता बोला. ज्या वेळी त्यानं हे सुचवलं त्या वेळी तो आणि हणमंतराव लोह्याच्या अलीकडं गाडी थांबवून उसाचा रस पीत होते. रसात आलं जास्त पडलं म्हणून हणमंतरावांनी रसवाल्याशी घातलेली हुज्जत त्याला शब्दन् शब्द आठवत होती.

हे कसं झालं ते त्याला कळलं नाही असं म्हणणं खोटं होईल. चांगलं कळलं. लातूरच्या सदस्यांची रीत ठरून गेलेली होती. सकाळी नांदेडला पोचायचं, हजेरीवर सही करायची, दुखवट्याच्या ठरावाला उभं राहायचं, मागचं कार्यवृत्त कायम करताना बाकं बडवायची, एखाद्या विषयावर घसा खाकरून बोलायचं, जेवायचं, आणि अहमदपूरला रस्त्याचं काम चालू आहे हो, असं म्हणत निघायचं. ते काम कितीतरी वर्षं चालूच होतं आणि त्याची कुणाला तक्रार नव्हती. राहिलेले विषय दुपारी नांदेडची मंडळी उरकून घेतात, असं लातूरकर धरून चालत. ठरावाला सूचक लागतो, अनुमोदक लागतो. ती नावं कार्यालय सकाळच्या सह्या बघून आलटून पालटून टाकून देतं, कुणी राहून गेलं असं वाटायला नको म्हणून. उलट नाव आलं की लोक खूश असत, ते पान काढून कपाटात ठेवत. अंबरीशच्या नावावरही असे बरेच ठराव होते. एकदा त्यानं म्हणे कथक नृत्याचा पदविका अभ्यासक्रम सुचवला होता, आणि ते वाचून मालविका हसून हसून बेजार झाली होती. तेव्हा तोही हसला होता. त्या हसण्याची आता त्याला शिसारी आली.

विभागात गेला तर ऋतुजा त्याच्या टेबलापाशी उभी. तासिका तत्त्वावरचं ते पद म्हणजे ही पोरगी. चाकूरजवळच्या खेड्यातली, बाप शेतकरी, स्वतः पीएच.डी., आणि दर वर्षी उन्हाळा संपला की नेमणुकीच्या आदेशाची वाट बघत बसणारी. पोरांना शिकवण्यापासून विहिरी मोजण्यापर्यंत विभागाचं निम्मं काम तिच्याच अंगावर होतं. तिनं विहिरी मोजायच्या फितीचं रीळ त्याच्यापुढं ठेवलं, वर प्रयोगशाळेची किल्ली ठेवली.

"सर, तुम्ही मला नुसतं सांगितलं असतं तरी चाललं असतं."

"अगं, मी मांडलेला नाही तो ठराव."

"मग कोणी मांडला?"

"मला काय माहीत? मी तिथं नव्हतोच."

"नव्हते म्हणजे? नांदेडला गेला होतात ना तुम्ही? विभागाचं काही निघालं तर मी बघून घेतो, म्हणालात."

"गेलो होतो गं. जेवण झाल्यावर निघालो."

"कामून?"

का निघालात, एवढंच तिला हवं होतं. अहमदपूरच्या रस्त्याचं नाव त्याच्या अगदी जिभेवर आलं होतं, ते त्यानं गिळलं. ती गेली तरी रीळ आणि किल्ली टेबलावर तशीच राहिली, आणि त्याच्या ध्यानात आलं की आपल्याला दोनच जागा उरल्या आहेत. एक तर आपण हा विभाग मारला, नाहीतर तो मारत होते तेव्हा आपण रस पीत होतो. यातली कुठली बरी हे ठरवताना तो चिडला, कार्यालयावर चिडला, ऋतुजावर चिडला, विनाकारण शिपायाला बोलला. त्या टेबलाच्या मागच्या भिंतीवर एक फोटो होता. रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं त्या उन्हाळ्यात विद्यापीठाला अचानक भूजलाची आठवण झाली होती, निवृत्त गुरुपादप्पा सरांना बोलावून शाल घातली होती. फोटोत सरांनी शाल खांद्यावरून काढून हातात धरलेली. उकडत होतं, म्हणाले होते. पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला आणि सगळे विसरले. पोरं कमी झाली, आहे ती पोरंही क्लासवाल्यांकडं शिकवायला पळू लागली, हे खरंच होतं. पण विभाग मोडायचा तर समोर बसवून मोडा, चार शिव्या देऊन मोडा. माझ्याच नावानं कशाला मोडता?

रविवारी तो सरांच्या घरी गेला. दार सरांच्या पत्नी नीलम्मांनी उघडलं. "कुंद्री, कुंद्री," त्या म्हणाल्या, घरात कानडी असल्यानं त्यांचं बसा नेहमीच कानडीत यायचं, आणि त्यांनी खुर्चीवरची वर्तमानपत्रं उचलली. निदान त्यांच्या आवाजात फरक नव्हता. सर मात्र चष्मा पुसत राहिले. अंबरीशनं सगळं सांगितलं, सह्या, जेवण, आलटून पालटून नावं, अगदी उसाचा रससुद्धा. सांगताना त्याला वाटत होतं, सर आता हसतील. सर हसले नाहीत.

"म्हणजे विहिरीवर न जाता आकडा ल्याहिलात," ते म्हणाले.

"मी नाही लिहिला, सर. त्यांनी लिहिला."

"सकाळची सही कुणाची?"

विहिरीचं बोलणं त्याला बरोबर लागलं होतं. तो विद्यार्थी असताना सर सगळ्यांना घेऊन निलंग्याच्या बाजूला गावोगाव हिंडायचे. पोलादी फितीच्या टोकाला वजन बांधायचं, खालच्या भागाला खडू घासायचा आणि फीत विहिरीत सोडायची. वर ओढली की जिथवर खडू ओला झाला तिथं पाणी. विहिरीच्या काठावर पोटावर पालथं पडून फीत सोडताना खालून थंड, शेवाळाचा वास यायचा, पाठ उन्हानं भाजत असायची आणि तोंडाला गारवा लागायचा. एकदा बसवराज नावाच्या पोरानं लांबची विहीर टाळली, लिंबाखाली बसून अंदाजानं आकडा टाकला. सरांनी त्याच्या फितीवरून बोट फिरवलं. खडू शेवटपर्यंत कोरडा. ते ओरडले नाहीत. त्याला परत त्या विहिरीवर पाठवलं आणि तो येईपर्यंत सगळी पोरं, सरांसकट, उन्हात उभी राहिली. बसवराजपेक्षा उभ्या राहिलेल्यांनाच जास्त लाज वाटली होती, अंबरीशला ते आठवलं की अजून कानशिलं गरम व्हायची.

"पुढच्या बैठकीत उभं राहून सांगा," सर म्हणाले, "मी नव्हतो म्हणून. सांगितलात की या." अजून सांगा आणि या, सांग आणि ये नाही. नीलम्मांनी आणलेला चहा त्यानं पिऊन टाकला. त्याला सरांचाही राग आला. ह्यांना काय, निवृत्त झाले, ह्यांनी आयुष्यात एका सभेत पाय ठेवला नाही. सभेला जाणं म्हणजे काय भोगणं असतं हे ह्यांना कुणी सांगावं?

म्हणून पुढच्या बैठकीच्या दिवशी हणमंतरावांच्या गाडीत बसताना त्यानं ठरवूनच टाकलं होतं. हणमंतराव औशाच्या कॉलेजचे प्राचार्य. सकाळी औशाहून निघून लातूरला अंबरीशला घ्यायचे आणि नांदेडपर्यंत स्वतः गाडी चालवायचे. गडी मोठ्या मनाचा, हसतमुख, डब्यात कायम शेंगदाण्याची चटणी. चाकूर मागं पडलं. मग त्यानं सांगितलं. हणमंतरावांनी गाडीचा वेग कमी केला.

"काय सांगणार म्हणलास?"

"हेच. की ठराव झाला तेव्हा सूचक हजर नव्हता, अनुमोदकही नव्हता. ठराव रद्द करा."

"अरे अंबरीश, कशाला डोक्याला ताप करून घेऊन राहिला तू? त्याच दुपारी माझं संगणकाचं बी.एस्सी. मंजूर झालंय. दुपारी कुणी नव्हतं असं तू म्हणलास की माझंबी गेलं की बोंबलत. पोरांचे प्रवेश झाले, बाबा."

"तुमचं तुम्ही बघा. माझा विभाग जातोय."

"विभाग कुठं जातोय? पाटी बदलती. तुझी नोकरी हाय, पगार हाय."

"ऋतुजाची नाही."

अहमदपूरच्या रस्त्याचं काम आलं, धूळ आली, हणमंतरावांनी काचा वर केल्या. "पोरगी गुणाची हाय," ते म्हणाले, "मला म्हाईत न्हाई का? तिला माझ्याकडं पाठव, कुठंतरी चिकटवतो. पण सभेत असलं बोलायचं नसतं. सगळ्यांच्याच सह्या हाईत तिथं. तू एकटा काय आभाळातून पडला का?" त्यांच्या आवाजात राग नव्हता, कळवळा होता, आणि अंबरीशला तोच सहन होईना. माणूस वाईट असता तर किती सोपं झालं असतं. काचेबाहेर धुळीत एक बाई पदरानं तोंड झाकून एसटीची वाट बघत उभी होती. गाडी तिच्या अंगावर आणखी धूळ उडवून पुढं गेली आणि त्याला उगाचच वाटलं, की हीसुद्धा आपल्याच सूचनेवरून इथं उभी आहे.

सभागृहात एसीचा गारठा होता. अंबरीशनं हजेरीवर सही केली, करताना हात क्षणभर अडला, पण केली. दुखवट्याच्या ठरावाला सगळे उभे राहिले, बसले. मग कुलगुरू, जे सभेचे अध्यक्ष, त्यांनी "विषय पहिला, मागील बैठकीचे कार्यवृत्त कायम करणे" असं म्हटलं आणि लोकांचे हात बाकं बडवायला वर गेले. अंबरीशनं माइकचं बटण दाबलं. लाल दिवा लागला नाही. त्यानं परत दाबलं. शेजारून हणमंतरावांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. तेव्हा तो माइकशिवायच उठला आणि म्हणाला, "अध्यक्ष महोदय, शेवटच्या ठरावाला सूचक म्हणून माझं नाव आहे. तो ठराव झाला तेव्हा मी या सभागृहात नव्हतो. लातूरकडचं कुणीच नव्हतं. जेवणानंतर आम्ही कुणीच कधी नसतो." आवाज हवा होता त्यापेक्षा बारीक निघाला, पण निघाला. इतक्या वर्षांत त्या सभागृहात आपण पहिल्यांदा काहीतरी खरं बोललो, असं त्याला वाटलं, छातीत मोकळं वाटलं, आणि भीतीही वाटली. लोक कागद बघू लागले. कुणीतरी चॉकलेटचा कागद उलगडला, त्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. कुलगुरूंनी त्याच्याकडं प्रेमानं पाहिलं. फार प्रेमानं.

"डॉक्टरसाहेब, आपल्याला आपल्या विभागाविषयी जिव्हाळा आहे, तो असलाच पाहिजे," ते म्हणाले. "कुलसचिव, डॉ. हलगरकरांच्या भावनांची नोंद घ्यावी. कार्यवृत्त कायम करण्यात येत आहे." बाकं वाजली. विषय दुसरा.

भावना. त्यानं कुठली भावना सांगितली होती? मी नव्हतो, ही काय भावना झाली? घरात चोर शिरला म्हणून सांगायला जावं आणि फौजदारानं म्हणावं, तुमच्या भावना कळल्या. तो खाली बसला. पुढच्या विषयांचं त्याला काही ऐकू आलं नाही. गारठ्यातही पाठ घामानं भिजली होती, शर्ट खुर्चीला चिकटत होता, आणि त्या चिकटण्याकडंच त्याचं सगळं लक्ष लागून राहिलं. विहिरीच्या काठावर पालथं पडलेल्या पोराची पाठ. खडू ओला झाला का? त्यानं मनाशी ठरवलं, आज जायचं नाही. दुपारी बसायचं. ऐनवेळचे विषय निघतील तेव्हा नांदेडच्या मंडळींसमोर परत उभं राहायचं, आणि नोंद भावनेची नाही, वस्तुस्थितीची घ्या, म्हणायचं.

जेवणात वांग्याची भाजी होती, आणि अर्धापूरचे एक प्राचार्य नेहमीप्रमाणं स्वतःच्या बागेतल्या केळ्यांचा घड घेऊन आले होते. हात धुताना त्यांनी अंबरीशच्या हातात दोन केळी कोंबली. "वाटंत खा," म्हणाले.

"मी आज थांबणार आहे. दुपारच्या बैठकीला."

"थांबता की तुम्ही दर वेळी," ते म्हणाले. "आमचं काय, आम्ही जवळचे, जेवलो की कामाला जातो. दुपारी तुम्ही लातूरवाले असताच. लांबून आलेला माणूस काम संपवूनच जाणार, असं आम्ही धरून चालतो." आणि ते रुमालाला हात पुसत निघून गेले.

हणमंतराव गाडीत बसून दोनदा हॉर्न वाजवून गेले. मग फोन आला. "येऊन राहिला का?" "नाही." "बरं. एसटीनं ये. जपून ये." केळी हातात घेऊन अंबरीश सभागृहात आला तेव्हा गारठा बंद झाला होता. एक शिपाई नावाच्या पाट्या गोळा करून पेटीत टाकत होता. हलगरकर ही पाटी त्याच्या डोळ्यांदेखत भादेकरांच्या पाटीवर पडली. व्यासपीठावरच्या खुर्च्या मागं सरकवलेल्या, कुलगुरूंच्या ग्लासात अर्धं पाणी. तो आपल्या जागी बसला. येतील, त्याला वाटलं, जेवण जड झालं असेल. शिपायानं पंखे बंद केले, त्याच्याकडं बघितलं आणि एक पंखा परत लावला. मग हळूहळू, पाय ओल्या मातीत रुतावा तसं, ते त्याच्या ध्यानात येत गेलं. इथं कुणी येत नव्हतं. कधीच आलं नव्हतं. नांदेडवाले म्हणत होते लातूरवाले बसतात, लातूरवाले म्हणत होते नांदेडची मंडळी बसते, आणि या दोन समजुतींच्या मधल्या रिकाम्या खुर्च्यांवर विभाग उघडत होते, मिटत होते, पोरांना पदव्या मिळत होत्या. त्याला हसू यायला हवं होतं. रडूच आलं, म्हणजे डोळे नुसते चुरचुरले, आणि तो स्वतःवरच वैतागला.

तेवढ्यात शेषेराव आत आले. सभा विभागाचे कक्षाधिकारी, पान खाऊन तोंड रंगलेलं, काखेत लॅपटॉप. दर बैठकीचं कार्यवृत्त तेच लिहीत.

"सर, तुम्ही अजून इथंच? गाडी चुकली का?"

"दुपारची बैठक..."

"हेच की," शेषेराव म्हणाले आणि समोरच्या बाकावर बसून त्यांनी लॅपटॉप उघडला. "इथं निवांत असतंय. खाली लोक टेबलाला चिकटतात. ऐनवेळचं काही हाय का तुमचं? असलं तर सांगा, टाकून देतो."

"टाकून देतो म्हणजे?"

"म्हणजे टाकून देतो. जो थांबतो त्याचा येतो विषय. मागच्या टायमाला पर्यावरणवाले सर थांबले होते, तुम्ही बसलात तिथंच बसले होते. त्यांनी सांगितलं, मी टाकलं. नाव तुमचं यायची पाळी होती, आलं. माझ्या मनात काही नव्हतं, सर. वर सही करायला जातं तेव्हा कुणी शेवटचं पान वाचतंय व्हय?"

अंबरीशनं हातातली केळी बाकावर ठेवली. सगळी रदबदली, सगळा संताप, रात्री मालविकाला झोपू न देता केलेली भाषणं, आणि शेवटी हे इतकं सोपं होतं. ज्या खुर्चीत बसून तो विभाग मारला गेला त्याच खुर्चीत तो बसला होता, खुर्ची अजून गरम असावी तसं त्याला वाटलं. उठून जावं. कुलपतींना लिहावं, वर्तमानपत्रात द्यावं. मग चौकशी बसेल, समिती नेमली जाईल, आणि समिती दुपारी जेवून लातूरला निघेल. तोवर ऋतुजा कुठल्यातरी क्लासमध्ये पोरांना पाठांतर शिकवत असेल. टेबलावरचं रीळ गंजेल. शेषेराव शांतपणं वाट बघत होते, त्यांना घाई नव्हती.

"लिहा," अंबरीश म्हणाला. "भूजलशास्त्र विभागाच्या विलीनीकरणाच्या ठरावाचा फेरविचार करण्यात आला. विभाग स्वतंत्रपणे चालू ठेवण्यात यावा. तासिका तत्त्वावरील पद कायम ठेवण्यात यावं." सांगताना त्याला स्वतःचा आवाज अनोळखी, भरदार वाटला. सकाळी हाच आवाज हवा होता.

"सूचक?"

"माझं नाव टाका. या वेळी मी खरंच मांडलाय."

"अनुमोदक?"

रिकाम्या बाकांवरून त्याची नजर फिरली. हणमंतराव आता लोह्याच्या अलीकडं रस पीत असतील, आलं कमी टाक म्हणत असतील. "भादेकर," तो म्हणाला.

"सर्वानुमते," शेषेराव स्वतःच म्हणाले आणि टाइप करत गेले. मग त्यांची बोटं थांबली. त्यांनी पान वर सरकवलं, खाली आणलं. "एक अडचण हाय, सर. सकाळी तुमच्या भावनांची नोंद घ्यायला सांगितलीय. ती म्यां घेतली, जशी बोललात तशी. जेवणानंतर आम्ही कुणीच कधी नसतो, असं. आता एकाच कागदावर वर तुम्ही म्हणून राहिले आम्ही नसतो, अन् खाली तुमचाच ठराव, जेवणानंतर, सर्वानुमते. एखाद्यानं बोट ठेवलं तर दोन्ही जातील. वरचं काढून टाकू का?"

पंख्याचा आवाज येत होता. सकाळी उभा राहिलो तेव्हा छातीत मोकळं झालं होतं, ते अंबरीशला आठवलं, अगदी त्या जागेसकट आठवलं. एवढ्या वर्षांत ते एकच वाक्य त्याचं स्वतःचं होतं, बाकीचे ठराव शेषेरावांचे. त्याला शेषेरावांच्या हातातून लॅपटॉप हिसकावून घ्यावासा वाटला. ऋतुजानं टेबलावर ठेवलेली किल्लीही त्याला दिसत होती.

"काढा," तो म्हणाला.

शेषेरावांनी एक कळ दाबली. अंबरीशनं त्यांना एक केळं दिलं, का दिलं ते त्याला कळलं नाही, आणि दुसरं स्वतः सोलून खाल्लं. बसस्टँडवरून त्यानं ऋतुजाला फोन केला, विभाग राहिला म्हणून सांगितलं. ती "सर, मी उद्या किल्ली घेऊन जाते," एवढंच म्हणाली आणि तिचा आवाज फुटला. अंबरीशला बरं वाटलं. वाटायलाच हवं होतं, आणि वाटलं. लातूरची गाडी लागली, तो खिडकीपाशी बसला. लोहा मागं पडलं, ती रसवंती दिसली, घुंगरं वाजत होती. अहमदपूर जवळ आलं तेव्हा फोन वाजला.

"काय रे अंब्या," गुरुपादप्पा सर म्हणाले. मागं नीलम्मांचा आवाज येत होता, जेवायला ये म्हणावं त्याला. "पोरीनं सांगितलं मला. उभा राहिलास म्हण की."

"हाव, सर."

"बरं केलास. माझंच चुकलं, तुला उगं साहेब म्हणालो मी. म्हातारपण बघ." मग जुन्या सवयीनं, पोरांकडून आकडा ल्याहून घ्यायच्या आधी विचारायचे तसं, त्यांनी विचारलं, "सगळे होते का रे तिथं, तू बोललास तेव्हा?"

गाडीनं रस्त्याचं काम असलेल्या वळणावर गचका खाल्ला. धूळ आत आली. अंबरीशनं खिडकी ओढायचा प्रयत्न केला, ती अडकली होती.

"हाव, सर," तो म्हणाला. "सगळे होते."